पोकळीचा हिशेब

वर्गात आम्ही दरवर्षी एक प्रयोग करतो. पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफ भरली की आचेवरून उतरवून झाकण घट्ट लावायचं आणि वरून थंड पाणी ओतायचं. डबा चेमटतो. मुलं विचारतात, "सर, किसने दबाया?" आम्ही सांगतो, बाहेरच्या हवेने. आतल्या वाफेचं पाणी झालं, जागा रिकामी झाली. उर्दूत तिला 'खला' म्हणतात, मराठीत निर्वात पोकळी. अब्बा नुसतं 'व्हॅक्यूम' म्हणायचे. त्यावरच आमचं घर चालायचं.

अब्बा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा पाक उघड्यावर आटवला तर जास्त तापून काळपट पडतो. बंद पॅनमध्ये २५-२६ इंच व्हॅक्यूम धरला, की तो ६५ अंशांच्या आसपास उकळतो. ही पोकळी मुख्यतः कंडेन्सर करतो. तिथली दहा हजार लिटरांहून अधिक वाफ थंड पाण्याला भेटली, की तिचं जेमतेम एक लिटर पाणी होतं. पंपाने फक्त उरलेली हवा ओढायची.

एका हंगामात कारखान्याने पॅन वाढवले, कंडेन्सर मात्र जुनाच ठेवला. दुपार झाली की व्हॅक्यूम पडायचा, पाक रेंगाळायचा, साखर पिवळट यायची. ठपका पॅनमनवर आला. पंप दोनदा खोलला, पाणी वाढवलं, फरक शून्य. एके दिवशी अब्बांनी नळांना हात लावून पाहिला. पंपाकडे जाणारा नळ तापलेला, खाली पडणारं पाणी मात्र कोमट! म्हणजे वाफ आणि पाणी एकमेकांना न भेटताच निघून जात होते. घरी येऊन म्हणाले, "पंप का कसूर नै बेटा, मिलाप का है."

पुढच्या हंगामाआधी कंडेन्सर मोठा झाला, फवारे बदलले. कमी पाण्यात व्हॅक्यूम टिकला. अब्बांच्या नावावरचा ठपका मात्र कुणी पुसला नाही.

आपला मुलूख दुष्काळाचा. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. आराखडा चुकला, की पाणीही वाया जातं आणि दोष राबणाऱ्या हातावर येतो.

म्हणून डबा चेमटला, की आम्ही मुलांना आणखी एक सांगतो: दोष देण्याआधी नळाला हात लावून पाहा.