मुरिस्कचा अर्धा तास

ज्येष्ठ महिना लागला की मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताईंची पालखी पंढरपूरकडे निघते. मराठवाडा ओलांडून जाणारी ही महिनाभराची वाट वारकरी पायी तुडवतात. या परिसरात विखुरलेल्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांची सेवा करताना आम्ही या दिंड्या अनेक वर्षे पाहत आलो आहोत. एखादा वृद्ध मागे राहिला तर कोणीतरी त्याच्यासाठी थांबते, त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेते. समूहाने प्रवास कसा करावा, याचा हा धडा आमच्या दारातच होता. तरीही गेल्या मे महिन्यात सव्वीस जणांचा गट घेऊन आम्ही आयर्लंडला गेलो, तेव्हा तो नेमका विसरलो. तो पुन्हा कसा शिकावा लागला हे सांगावे आणि अशा सहलीस निघू पाहणाऱ्या बंधुभगिनींना चार उपयोगी गोष्टीही कळाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन करारात नाही. त्यामुळे रोम किंवा लुर्दच्या यात्रेसाठी काढलेला व्हिसा येथे चालत नाही. बेटाचा उत्तर भाग ब्रिटनच्या अधिपत्याखाली आहे. दोन्हीकडे जायचे असल्यास ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असलेला व्हिसा मागावा आणि ज्या देशाने तो दिला असेल तेथे प्रथम उतरावे. दोन भागांच्या सीमेवर चौकी दिसत नाही, पण म्हणून नियम नाही असे समजू नये. दक्षिणेत युरो चालतो, उत्तरेत पौंड. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, तर तेथे स्वेटरवाचून चालत नाही. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, तेव्हा डोके झाकणारा रेनकोट घ्यावा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. बसमधील जागा रोज बदलाव्यात, म्हणजे खिडकीवरून कुरबुरी होत नाहीत. सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. उजेड आहे म्हणून हिंडत राहिल्यास दुसऱ्या दिवशी पाय बोलू लागतात.

आमचा मार्गदर्शक मोठा गमत्या गृहस्थ होता. आम्ही महाराष्ट्राचे, हे कळताच तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्या पंतप्रधानांच्या गावचे!" २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे. पदावर असताना, डिसेंबर २०१९ मध्ये, लिओ स्वतः त्या गावी येऊन गेले होते. कोकण आणि खानदेश यांतील अंतर त्या भल्या माणसास समजावून सांगण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

डब्लिनमध्ये आम्हांस सर्वाधिक ओढ होती ती रॅथफर्नहॅम या उपनगराची. १९२८ साली अठरा वर्षांची एक अल्बेनियन मुलगी तेथील लोरेटो मठात काही आठवडे इंग्रजी शिकली आणि तेथून कोलकात्याकडे निघाली. पुढे तिला जगाने मदर तेरेसा म्हणून ओळखले. सहलीच्या कार्यक्रमात या स्थळाचा उल्लेखही नव्हता, म्हणून मोकळ्या वेळात आम्ही पाचजण तेथे जाऊन बाहेरूनच हात जोडून आलो. नंतर ग्लेंडालॉखच्या दरीत संत केविन यांच्या मठाचे अवशेष पाहिले. तो उंच गोल मनोरा, दोन तळी आणि धुके! पश्चिम किनाऱ्यावर मोहरचे कडे पाहिले. त्यांची उंची २१४ मीटरपर्यंत जाते आणि खाली अटलांटिक सागर धडका देत असतो. सारे सुंदर होते. पण सर्वत्र घड्याळ आमच्या मानगुटीवर बसलेले होते. गटाचे पुढारीपण आमच्याकडे, म्हणून टाळ्या वाजवून माणसे बसमध्ये चढवण्याचे कामही आम्हीच करीत होतो आणि, खरे सांगायचे तर, त्यात थोडी फुशारकीही मानत होतो.

पाचव्या दिवशी मेयो परगण्यातील नॉक येथे गेलो. २१ ऑगस्ट १८७९ च्या पावसाळी संध्याकाळी येथील चर्चच्या भिंतीपाशी पवित्र मरिया, संत योसेफ, संत योहान आणि वेदीवरील कोकरू यांचे दर्शन पंधरा गावकऱ्यांना घडले. पोप जॉन पॉल दुसरे १९७९ साली आणि पोप फ्रान्सिस २०१८ साली येथे येऊन गेले. या दर्शनाचे वेगळेपण असे की मातेने एक शब्दही उच्चारला नाही. ते वर्षही पीक बुडाल्याचे, कर्जाचे आणि उपासमारीच्या धास्तीचे होते. अशा वेळी ती गरिबांजवळ नुसती उभी राहिली. मिस्साच्या प्रवचनात आम्ही हे मोठ्या ओघाने सांगितले आणि लगेच टाळ्या वाजवून सर्वांना बसकडे पिटाळले.

तेथून पश्चिमेला मुरिस्क हे छोटे गाव. समोर ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर. संत पॅट्रिक यांनी त्यावर चाळीस दिवस उपवास केला, अशी परंपरा आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक तो चढतात, काही तर अनवाणी. आमच्या कार्यक्रमात डोंगर पायथ्याहून पाहण्यासाठी पंधरा मिनिटे होती. डोंगरासमोर १९९७ साली उभारलेले दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे. जॉन बेहन या शिल्पकाराने घडवलेले हे ब्राँझचे जहाज आहे. त्याच्या दोरखंडांना मात्र शिडे नाहीत, तेथे हाडांचे सापळे लोंबत आहेत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींनी मेली. तितकीच देश सोडून गेली. कित्येकांनी वाटेत जहाजावरच प्राण सोडले. देशातून धान्य मात्र परदेशी जातच होते. सरकारी साहाय्याचा कारभार ज्यांच्या हाती होता ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झाले!

पंधरा मिनिटे संपली. सारे चढले, एक मावशी सोडून. पंचाहत्तरीच्या या मावशी त्या जहाजासमोर खिळून उभ्या होत्या. आम्ही दुरूनच हाक मारली. उत्तर नाही. जवळ जाऊन काहीशा करड्या आवाजात म्हणालो, "मावशी, तुमच्या एकट्यापायी सगळे खोळंबलेत."

त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, "फादर, आमच्या आजोबांना त्यांचं गावच ठाऊक नव्हतं."

मग तुटक शब्दांत त्यांनी सांगितले. १८९९-१९०० च्या दुष्काळात सहा-सात वर्षांचे एक पोर रस्त्याच्या कडेला सापडले. मिशनच्या अनाथाश्रमात ते वाढले. नाव तेथेच मिळाले, धर्मही तेथेच. आईबापांचे चेहरे पुसट आठवत, नावे नाही. "आम्ही त्याच पोराची लेकरं. त्याचे आईबाप कुठं पडले, कोणी पुरलं का, काही माहीत नाही. या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी एवढं जहाज केलं. आमच्यांसाठी कोणी एक दगडसुद्धा ठेवला नाही."

आम्ही तीस वर्षे धर्मगुरू आहोत. आमच्या ओठांवर एखादे वचन यावयास हवे होते. आले नाही, हे बरेच झाले. तासाभरापूर्वी आपण कशावर प्रवचन केले होते, हे तेवढे आठवले आणि मान खाली गेली.

आम्ही बसकडे जाऊन मार्गदर्शकाकडे अर्धा तास मागितला. तो म्हणाला, "मग कायलमोरचा मठ चुकेल." आम्ही गटाला कारण सांगितले. बरेचजण उतरले, दोघे-तिघे जागचे हलले नाहीत. आम्ही जहाजाभोवती जपमाळेचे एक रहस्य मराठीतून म्हटले. शेवटी मार्गदर्शकही टोपी काढून उभा राहिला. त्याच्या पणजोबांची भावंडे अशाच जहाजाने गेली होती, असे त्याने नंतर सांगितले. कायलमोरचे दार खरोखरच आमच्यासमोर बंद झाले. एका कुटुंबाने दोन दिवस आमच्याशी अबोला धरला, आणि त्यांचा राग अगदीच गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनीही पैसे साठवूनच हा प्रवास केला होता.

पुढे उत्तरेला जायंट्स कॉजवे पाहिला. चाळीस हजारांच्या आसपास बेसाल्टचे खांब समुद्रात उतरत गेलेले. अजिंठ्याची लेणी कोरली आहेत तो खडकही याच जातीचा, लाव्हारसातून थिजलेला. तेथे मात्र आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींच्या मागून चालत राहिलो.

म्हणून सहल ठरवणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच: कंपनीला स्थळे किती, हे विचारण्याआधी प्रत्येक स्थळी वेळ किती, हे विचारा. स्थळांची यादी थोडी कमी करून रोज एक तास मोकळा ठेवून घ्या. गटातील सर्वांत वृद्ध माणसाला पहिल्याच दिवशी विचारा की त्यांना काय पाहायचे आहे. आम्ही मावशींना ते विचारलेच नव्हते.

नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी मिस्सासाठी नावांच्या चिठ्ठ्या आल्या. मावशींच्या चिठ्ठीवर नाव नव्हते. 'आजोबांचे आईवडील' एवढेच लिहिले होते. वेदीवरून आम्ही ते तसेच वाचले. मग चर्चमधून आणखी दोन आवाज आले, "आमच्याही पणजोबांचे, फादर." आम्ही थांबलो आणि तेही यादीत लिहून घेतले.