कागद वाटणारा
धुळ्याच्या एका कचेरीत कामाला गेलो होतो. कर्मचाऱ्यांच्या अडीअडचणींची प्रश्नपत्रके वाटली जात होती. पंखा, पाणी, साहेबांची वागणूक, सारे विचारले होते! वाटणारा शिपाई मात्र कंत्राटी. त्याला कागद नव्हता. बाह्य यंत्रणेमार्फत भरतीचा शासननिर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला नि ऑक्टोबरात रद्द झाला. असली माणसे मात्र त्याआधीही होती, नंतरही राहिली.

“भाऊ, तुमचं काय?” मी विचारले.

तो हसला. “सर, पंखा बंद पडला की हाक मलाच येते. तेवढं कुठं लिहायचं?”

मीही सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. कायम झाल्यावर असाच एक कागद मी भरला होता. शेजारच्या तासिकावाल्याला काही विचारले नव्हते. जळगावची एस.टी. पारोळ्याला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत होतो.