समुद्रावरची खतावणी

आमच्या घराण्यात समुद्राशी कोणाचा संबंध कधी आला नव्हता. आजोबांची अडत, वडिलांचे कापडदुकान आणि माझी बँकेतील 37 वर्षांची नोकरी. तिन्ही पिढ्या सांगलीच्या परिसरात हिशेबाच्या वह्यांत रमल्या. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे, हेही मला परीक्षेच्या पुस्तकापुरतेच ठाऊक होते. त्यामुळे धाकट्या कन्येने बँकेची परीक्षा बाजूला सारून एका संशोधन जहाजावर तंत्रज्ञाची नोकरी पत्करली, तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

प्रथम झाले ते जगण्याचे प्रशिक्षण. जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणे, उलटलेला तराफा सरळ करणे, आग विझवणे, प्रथमोपचार. पहिल्या मोहिमेत तीन दिवस तिच्या पोटात काही ठरले नाही. आईने लसणाविना केलेले भडंग दिले होते. ते सहकाऱ्यांनीच संपवले.

सुट्टीत घरी आल्यावर तिने कामाची रीत समजावून सांगितली. खोल समुद्रातील पाण्याची क्षारता, तापमान व खोली मोजणारे एक यंत्र असते. त्याभोवती निस्किन बाटल्या वर्तुळाकार बसवतात. त्या दोन्ही टोकांनी उघड्याच खाली जातात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर संगणकाच्या आज्ञेने एकेक मिटत जाते. जहाजावर आल्यावर प्राणवायूचा नमुना आधी घ्यायचा, कारण हवेचा बुडबुडा शिरला तरी तो बिघडतो. क्षारतेला घाई नसते. तिचा क्रम मागाहून.

अरबी समुद्रात सुमारे 200 ते 1000 मीटर खोलीवर प्राणवायू अत्यल्प असतो. एका रात्री अडीच वाजता 400 मीटरवरच्या बाटलीची हवेची चावी न उघडताच तिने तोटी दाबून पाहिली. बाटली घट्ट असेल तर अशा वेळी पाणी वाहत नाही. येथे धार लागली. म्हणजे वरच्या थरातील पाणी मिसळले असण्याचा संभव होता. शेजारी कोणी नव्हते आणि जहाजाला पुढच्या ठिकाणी निघायचे होते. तिने नोंदवहीत ‘बाटली गळकी, नमुना संशयास्पद’ असे लिहून खाली सही केली.

“इतक्या खटाटोपानंतर वाईट नाही वाटले?” मी विचारले.

“वाटले ना, अण्णा. पण खोट्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी. ती निदान दिसते तरी.”

मला 1984 सालची एक संध्याकाळ आठवली. बचत खात्यांच्या खतावणीचा मेळ 90 रुपयांनी बसत नव्हता. नऊने भाग जाणारा फरक म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल, हे आम्हां सर्वांना पाठ होते. शोधले असते तर तासाभरात सापडले असते. पण शेवटची बस निघण्याच्या बेतात होती. यादीतील एका बेरजेत 90 मिळवून मी मेळ बसवला आणि बस गाठली. दोन महिन्यांनी एक विधवा बाई मुलाच्या फीसाठी पैसे काढायला आल्या. त्यांच्या पासबुकात 430, आमच्या खतावणीत 340. चूक उमगेपर्यंत त्या दुपारभर खिडकीपाशी उभ्या होत्या. “माझेच काही चुकले असेल,” असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दुरुस्ती झाली, ती कोणाच्या लबाडीची, हे मात्र मी कोणासही सांगितले नाही.

ते त्या रात्री मी लेकीला सांगितले. ती काही बोलली नाही. माझ्या पानातील थंड झालेली आमटी तेवढी गरम करून आणली.

त्या मोहिमेचे शोधनिबंध यथावकाश निघतील. त्यांवर तिचे नाव येईलच असे नाही. नोंदवहीच्या त्या ओळीखाली मात्र तिची सही आहे. बँकेची परीक्षा न देताही ती आमच्या घरातील सर्वांत चोख हिशेबनीस निघाली, असे मी आता नातेवाइकांना आवर्जून सांगतो. पूर्वी हे काम सांगताना मी विषय बदलत असे.