श्रावणातली रंगपंचमी

मालवणला गेलेला माणूस सिंधुदुर्ग पाहतो, सोलकढी पितो आणि खाज्याची पुडी बांधून घरी परततो. मीही दोनतीनदा तसाच परतलो होतो. गेल्या श्रावणात मात्र चार दिवसांची सुट्टी जोडून मिळाली. कुडाळला गाडीतून उतरलो, एसटीने मालवण गाठले आणि तिथून तारकर्लीच्याही पुढे, देवबागला जाऊन राहिलो.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि मधल्या जागेत एक रस्ता, माड आणि माणसे. दक्षिणेच्या टोकाला नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा डोंगर दिसतो. इतके पाणी दोन्ही अंगांना असल्यावर घरातल्या लोखंडाला सुख कसले? खिळे, कड्या, बिजागऱ्या, सगळ्यांना खारा वारा खातो.

मी उतरलो होतो त्या घरचे यजमान कोळंबी आणि बांगड्याच्या जाळ्यांवर म्हातारे झालेले. सारा गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पावसाळी मासेमारीबंदीत होडी झावळ्यांखाली झाकलेली होती. पडवीत मात्र लाकडी घोडीवर होडीचे इंजिन टांगले होते. वर जाडजूड डोके, खाली लांब पाय आणि पायाशी पंखा. एका पायावर ध्यान लावून बसलेल्या बगळ्यासारखे ते दिसे. वीस वर्षांच्या त्या बगळ्याची पिसे मात्र झडली होती. रंगाला फोड आले होते आणि फोडाखालून पांढरी भुकटी गळत होती. लोखंड गंजले की तांबडे होते, ॲल्युमिनियमला मात्र असा पांढरा गंज चढतो.

“नारळी पुनवेक ह्येका पाण्यात घालूचा आसा,” मामा म्हणाले. मुंबईचा मुलगा फोनवर सांगे, ते जुने विका, नवे घ्या. नव्याची किंमत ऐकली की मामा पावसापाण्याची चौकशी करून फोन ठेवून देत.

मी बाह्या सरसावल्या. पहिला दिवस नुसता खरवडण्यात गेला. गोड्या पाण्याने धुवायचे, तेलाचा ओशटपणा थिनरने पुसायचा, मग भुकटी निघून चकचकीत धातू दिसेपर्यंत पालिशपेपर घासायचा. आधी खरखरीत, मग मऊ आणि शेवटी पाण्यात भिजवून. माझी समजूत, की रंगकाम म्हणजे रंग लावणे. ते बहुतेक सगळे घासणेच असते, हे बोटांची साले निघाल्यावर कळले. ॲल्युमिनियमवर नुसता रंग धरत नाही, त्याला आधी खास अस्तर द्यावे लागते. होडीच्या बुडाला लावतात तो तांब्याचा रंग तर इथे चालतच नाही. खाऱ्या पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खलास! पावसाची सर आली की हवेत दमटपणा भरे आणि आम्ही डबा बंद करून चहा पीत बसू.

अशा एका चहाला माझ्यातला मास्तर जागा झाला. मी मामांना ओले एव्हिनरूडची गोष्ट सांगितली. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा कारागीर. तळ्याकाठच्या सहलीत प्रेयसीला आइस्क्रीम हवे झाले, तो वल्ही मारत जाऊन ते घेऊन आला, तोवर ते वितळले, आणि त्या हळहळीतून होडीच्या पाठीला अडकवायचे इंजिन सुचले, असे सांगतात. 1909 साली मिलवॉकीत त्याने ते विक्रीला काढले. दीड अश्वशक्तीचे, 62 पौंड वजनाचे, किंमत 62 डॉलर. ती प्रेयसी, बेस, पुढे त्याची बायको झाली आणि कंपनीचा पत्रव्यवहार तिनेच सांभाळला. त्याच्या नावाची इंजिने 2020 साली बनायची बंद झाली.

मामा विचार करून म्हणाले, “बायलेक बरा वाटाचा म्हणान केल्यान ना? मगे इंजिन चांगलाच होतला.”

आतून मामींचा आवाज आला, “नीट रंगवा हां मास्तर, त्येच्यात माझ्यो बांगड्यो आसत!”

मी दचकलो. इंजिनात बांगडे? मासळीच्या गावात काहीही शक्य आहे, असे समजून मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी उत्साहाने रंग मारायला घेतला. एकावर एक पातळ हात, मध्ये वाळायला वेळ. पंख्याच्या वर एक ओबडधोबड, खड्डे पडलेला, राखाडी तुकडा होता. एवढाच का विद्रूप ठेवायचा, म्हणून त्यावर चांगले दोन हात चढवले.

मामांनी ते पाहिले. रागावले नाहीत. चाकू घेऊन तो तुकडा खरवडायला बसले.

“ह्येका रंग लावूचो नाय, मास्तर. ह्यो झिजाकच बसवलो हा. ह्यो झिजता म्हणान इंजिन टिकता.”

तो जस्ताचा तुकडा होता. खारे पाणी आधी जस्ताला खाते आणि तोवर ॲल्युमिनियमला तोंड लावत नाही. त्यावर रंग चढला की त्याचे काम थांबते. फार झिजला की मामा तो बदलतात. आजवर किती झाले त्याचा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिला आणि होडी खाडीत लोटली. निळे इंजिन उन्हात नवऱ्या मुलासारखे मिरवत होते. मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला ते धडधडू लागले. काठावर मामी उभ्या होत्या. त्यांनी निरोपाला हात वर केला तेव्हा माझे लक्ष मनगटाकडे गेले. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, सोन्याची एकही नव्हती.

इंजिनात काय आहे ते मला तेव्हा कळले. मराठीचा मास्तर असून बांगडी आणि बांगडा यांतला फरक कळायला मला तीन दिवस लागले होते.

होडी भोगव्याच्या दिशेने दूर गेली. मामी वळल्या आणि म्हणाल्या, “चला मास्तर, जेवण थंड होतला.”