पिंपरीचं कापड, भोसरीचं लोखंड

जीन पॅन्ट घरी शिवता येते असं म्हटलं, तर तुमच्यातल्या निम्म्या जणी हसतील. परकर-पोलकं, झबली, फार तर पंजाबी ड्रेस, इथवर आपलं मशीन धावतं. पॅन्ट म्हटली की ती शिंप्याची नाहीतर दुकानाची. पण पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्या बाईने तरी या कपड्याला बिचकू नये, असं माझं मत आहे. कारण हा कपडा मुळात कामगारांचा आणि आमचं गावही कामगारांचंच.

सकाळी सहाच्या सुमाराला नाशिक फाट्यावर उभं राहून बघा. कंपनीच्या बसची वाट बघणारी निळ्या-करड्या कपड्यांची रांग दिसेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, भोसरीत लहान-मोठी वर्कशॉप्स उभी राहिली आणि अलीकडे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने. पहिल्या पिढीतले कामगार अंगावरच्या जाड निळ्या कपड्याला 'डांगरी' म्हणत. हा शब्द आपल्याच मातीतला बरं का! मुंबईच्या डोंगरी भागाजवळ विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत 'डंगरी' शब्द गेला, असं शब्दकोश सांगतात. म्हणजे साहेबाची म्हणून आपण जिला नाकं मुरडली, तिची एक चुलत बहीण मुंबईचीच.

आणि रिबिटांची गोष्ट तर आणखी गमतीची. अमेरिकेत रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. नवऱ्याच्या पॅन्टचे खिसे सारखे फाटतात अशी तक्रार घेऊन एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली, असं सांगतात. त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याची रिबिटं ठोकली. पुढे लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याने त्याचं पेटंट घेतलं. बायकांसाठी वेगळी जीन्स काढायला मात्र त्या कंपनीला १९३४ साल उजाडलं. आपल्याकडेही १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्तींनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, तेव्हा कुठे ते दार उघडलं. कपडा काय नि कारखाना काय, बाईचा नंबर नंतर!

तुम्ही म्हणाल, दुकानात इतक्या जीन्स टांगलेल्या असताना हा उपद्व्याप कशाला? मलाही आकुर्डीहून शाळेत स्कूटरने जायला पॅन्ट हवी होती. दुकानांतून फिरले. सीटला बसावी तर कंबरेला मागून हात जाईल एवढी फट, कंबरेला बसावी तर मांडीवर चढेना. बरं, चढली तरी खाली मांडी घालून बसायची सोय नाही. ज्याने ती कापली त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवर बसणारी सडपातळ बाई असणार. हळदीकुंकवाला सतरंजीवर बसणारी, दोन बाळंतपणं झालेली बाई नव्हती. आणि खिसे? दोन बोटंही आत जात नाहीत. ट्रायल रूममधून बाहेर येताना वाटतं, आपलंच शरीर चुकलंय. नाही हो, कापणाऱ्याचं माप चुकलंय.

कापडासाठी लोकलने पिंपरीला उतरा. स्टेशनला लागूनच कॅम्पचा बाजार. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची इथे वसाहत झाली, त्यांनी हात-गाडीपासून व्यापार वाढवला. आज लग्नाच्या बस्त्यापासून बटणापर्यंत सगळं मिळतं. इथले दुकानदार मराठीतच भाव करतात, तुम्हीही करा. जीन्सचं कापड औंसावर मोजतात. पहिल्या पॅन्टला दहा औंसाचं, निव्वळ सुती घ्या. ताणणारं घेऊ नका, घरच्या मशीनवर टाके सुटतात. मोठ्या पन्ह्याचं दीड मीटर पुरतं. त्याच गल्लीत चेन, पितळी बटण, रिबिटं, मोहरीच्या रंगाचा दोरा आणि सोळा नंबरच्या सुया मिळतील.

घरी आल्यावर कापड आधी भिजवा, वाळवा, मगच कात्री लावा. नाहीतर पहिल्या धुण्यात घोटा उघडा पडेल. रंग पक्का व्हावा म्हणून मूठभर मीठ घालायचा सल्ला मिळेल. काही उपयोग नाही. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जातच नाही, वरच्यावर बसते, म्हणून ती उतरणारच. तेच तर जीन्सचं रूप.

आता मापं. कंबर, सीट, मांडी, लांबी आपण घेतोच. खरी मेख आसनात आहे. ताठ खुर्चीवर बसा आणि कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत कडेने टेप लावा. त्यात पाऊण इंच धरा. मागचं आसन पुढच्यापेक्षा चांगलं लांब ठेवा. मागची ती फट घालवायला कंबरेखाली जो आडवा तुकडा असतो, योक, त्याला वरून मधोमध थोडं आत घ्या. टक्सचं काम तोच करतो. हे सगळं आधी मांजरपाटावर कापून कच्च्या टाक्यांनी जोडा. मग घालून उकिडव्या बसा, मांडी घाला, स्कूटरवर बसल्यासारख्या बसा. हा एक दिवस मोडला तरी चालेल, पण टाळू नका. मी तीनदा उसवलं तेव्हा कुठे मागची बाजू अंगासरशी बसली आणि आरशात वळून बघताना पहिल्यांदा पदर-ओढणी ओढावीशी वाटली नाही.

शिवताना पुढचे खिसे आणि चेन आधी, मग योक, मागचे खिसे, मागची मधली शिवण. आतली पायशिवण कापड सपाट पसरलेलं असतानाच दुमडून दुहेरी घाला, बाहेरची त्यानंतर. वरून दिसणाऱ्या टिपेला एकाच सुईत दोन रिळांचे धागे ओवा, टाका मोठा ठेवा, बॉबिनला साधाच दोरा.

आमचं मशीन सासूबाईंचं, पायाचं. एके काळी त्यांनी त्यावर भोसरीच्या वर्कशॉपांसाठी जाड कापडाचे हातमोजे डझनावारी शिवले. सुनेने पॅन्ट घालावी की नाही यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण सहा थरांच्या सांध्यावर माझी सुई अडली, तेव्हा शेजारी येऊन बसल्या. "ठोक आधी," म्हणाल्या, "आणि चाक हाताने फिरव." शेजारच्या भाऊंनी वर्कशॉपमधून आणून दिलेला लोखंडी ठोकळा खाली धरला, वरून जाड फडकं घालून हातोडीचे चार ठोके दिले. सांधा पापडासारखा दबला आणि सुई सरळ पार. रिबिटंही त्याच ठोकळ्यावर बसली : टोच्याने भोक, खालून खिळा, वरून टोपी, एकच नेमका घाव.

खर्च दुकानातल्या बऱ्या जीन्सच्या निम्म्याहून कमी आला. तशी ही युक्ती नवी नाही. अरविंद मिल्सने १९९५ साली 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेली जीन्सच पाकिटात घालून विकली होती : कापड, चेन, रिबिटं, सगळं आत, शिवून घ्या आपल्या शिंप्याकडून.

माझ्या पॅन्टचे खिसे मनगटापर्यंत खोल आहेत. घराची किल्ली, खडूचा तुकडा, फोन, सगळं मावतं. चाकणला दुसऱ्या पाळीला जाणारी आमच्या मजल्यावरची एक मुलगी ते खिसे बघून गेली आणि परवा दीड मीटर कापड घेऊन आली. सासूबाईंनी तिला खुर्चीवर ताठ बसवलंय आणि टेप शोधताहेत.