लहान शब्दांची मोठी घराणी

मोठ्या माणसाची ओळख करून घेण्यास सारेच उत्सुक असतात. लहान माणसाला त्याचे नाव-गाव कोणी विचारीत नाही. शब्दांच्या बाबतीतही हाच अन्याय चालतो. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की विद्यार्थी दचकतो, शब्दकोश उघडतो आणि अर्थ पाठ करतो. परंतु दोन-तीन अक्षरांचा शब्द समोर आला की, ‘हा तर ठाऊकच आहे,’ असे म्हणून तो पुढे निघून जातो. वस्तुतः फसगत होते ती बहुधा या लहान शब्दांपाशीच.

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूज हे गाव आहे. शेतीवर जगणाऱ्या या गावाशेजारी मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ साली बजाज कंपनीचा कारखाना येथे सुरू झाला. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आणि परप्रांतांतूनही माणसे येथे पोटासाठी आली. त्यांच्या घरांतील, शाळेचे तोंडही न पाहिलेली एखादी आजी सहज बोलून जाते, ‘बस चुकली’, ‘बल्ब गेला’, ‘बिल भरायचे राहिले’, ‘बँकेत जाऊन ये’. तिचा मुलगा दिवसभर बोल्ट आवळतो. हे सारे शब्द इंग्रजीतील ‘बी’ या एकाच अक्षराने सुरू होतात. पण आपण इंग्रजी बोलत आहोत, असे या मायलेकांच्या मनातही येत नाही. मराठीत ‘बी’ म्हणजे बीज. या एका बीजातून किती निरनिराळी झाडे उगवली आहेत, ते पाहण्यासारखे आहे.

‘बस’ची कथा तर व्याकरणाच्या तासाला शोभेल अशी आहे. लॅटिन भाषेत ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२९ साली जॉर्ज शिलिबिअर याने लंडनच्या रस्त्यावर, भाडे देणाऱ्या कोणालाही बसू देणारी घोड्यांची मोठी गाडी सुरू केली आणि फ्रान्समध्ये रूढ झालेले हे नाव तिला दिले. पुढे लोकांनी नावाचे तोंड गाळले व शेपूट तेवढे ठेवले. मौज अशी की, ‘सर्व’ हा अर्थ गळालेल्या भागात होता. उरलेला ‘बस’ म्हणजे केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय होय! ‘सर्वांना’ या शब्दातील नुसता ‘ना’ उरावा आणि त्यानेच गाडी ओढावी, तसा हा प्रकार झाला. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली बस धावली, ती या प्रत्ययाच्याच बळावर.

‘बल्ब’ हा मूळचा शेतातला. ग्रीक भाषेत त्याचा मूळ शब्द कांद्यासारख्या गड्डयाला लावीत. इंग्रजीतही प्रथम तोच अर्थ होता. पुढे गड्डयासारखी फुगीर दिसणारी कोणतीही वस्तू बल्ब झाली आणि विजेचा दिवा निघाल्यावर त्याच्या काचेच्या गोळ्यालाही तेच नाव मिळाले. रात्री स्वयंपाकघरात आई कांदा चिरते, तेव्हा तिच्या डोक्यावर त्या कांद्याचाच एक दूरचा नातेवाईक प्रकाश देत असतो!

‘बोल्ट’चा पूर्वेतिहास रणांगणावरचा आहे. जुन्या इंग्रजीत बोल्ट म्हणजे आखूड, जाड बाण. बाणासारखा सरळ म्हणून दाराचा अडसर बोल्ट झाला आणि यंत्रात बसणारी लोखंडी खीळही बोल्ट झाली. आकाशातून कोसळणारी वीज बोल्ट, कापडाचे थान बोल्ट, आणि बाणासारखे सुसाट पळत सुटणे हेही बोल्टच. एकच अर्थ पाठ केलेल्या मुलाने ‘घोड्याने बोल्ट केले’ असे वाक्य वाचले, तर कोणी पाना घेऊन घोड्याला आवळीत आहे, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहायचे! भलत्या आट्यांचा बोल्ट घातला की यंत्र खिळखिळे होते. भलता अर्थ घातला की वाक्याचेही तेच होते.

‘बिल’ या शब्दात आणखी एक गंमत आहे. हिशेबाचे बिल लॅटिन ‘बुला’ या शब्दातून आले. बुला म्हणजे बुडबुडा. त्यावरून कागदावर लावायची गोल मोहोर, आणि त्यावरून मोहोर लावलेला कागद. विधिमंडळापुढे येणारे विधेयकही याच घराण्यातले. परंतु इंग्रजीत पक्ष्याच्या चोचीलाही बिल म्हणतात आणि त्या शब्दाचा या घराण्याशी काहीएक संबंध नाही. चेहरे सारखे, पण कुळे निराळी. एकाच चेहऱ्याचे निरनिराळे अर्थ मराठीतही आढळतात. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारात भरायचा पैसा आणि ‘अभ्यास कर’ ही आज्ञा. शेजारचे शब्द पाहिल्यावाचून ‘कर’ कोणता, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

याउलट, निराळ्या दिसणाऱ्या शब्दांत कधी रक्ताचे नाते निघते. इटलीतील सराफ बाकावर नाणी मांडून व्यवहार करीत. बाकाला तेथे ‘बांको’ म्हणत. ‘बँक’ हा शब्द तेथूनच आला. वर्गातील ‘बाक’ मराठीत आला तो पोर्तुगीज ‘बांको’वरून. म्हणजे बाक आणि बँक हे एकमेकांचे चुलतभाऊच होत! आणि इंग्रजीने नुसते दिलेच, असेही नाही. आपल्याकडील बंगल्याला आणि बांगडीला नेऊन तिने आपल्या ‘बी’च्या रांगेत बसविले आहे.

इंग्रजी ही कोणा थोरामोठ्यांची भाषा आहे, आपल्यासारख्याला ती साधायची नाही, अशी भीती अनेक मुलांच्या मनात असते. त्या भीतीला येथे उत्तर मिळते. ज्या शब्दांचा एवढा दरारा वाटतो, तेही कोणी लॅटिन गावचे, कोणी ग्रीक गावचे. घर सोडून ते परक्या मुलखात आले, मिळेल ते काम त्यांनी पत्करले आणि तेथलेच होऊन राहिले. वाळूजच्या वसाहतीतील माणसांची हकिकत याहून निराळी नाही. अशा पाहुण्यांपुढे मान खाली घालण्याचे कारण नाही आणि त्यांच्याकडे पाठ फिरविण्याचेही नाही. दारी आलेल्यास खेड्यातला मनुष्य जसे ‘पाव्हणे, कोण गावचे?’ असे आपुलकीने विचारतो, तसेच प्रत्येक लहान शब्दालाही विचारावे. तो आनंदाने आपले गाव सांगतो, आणि मग त्याचा अर्थ पाठ करावा लागत नाही.