वीस दिवसांची मुभा

उज्जैनला देवास गेटपाशी आमचे वडिलोपार्जित घर आहे. माडीवर बसले की बसस्थानकाची वर्दळ ऐकू येते. 'इंदौर, इंदौर' हा पुकारा पहाटेच सुरू होतो. आम्ही उभयता मात्र गेली काही वर्षे जर्मनीतील आखेन येथे राहतो. आमच्यापैकी एकाची नोकरी तिथलीच, दुसऱ्याची सीमेपलीकडे नेदरलँडमध्ये. आखेनहून शेजारच्या फाल्स या डच गावी जाताना सीमेवर सहसा कोणी अडवीत नाही. जवळच्याच टेकडीवर जर्मनी, नेदरलँड आणि बेल्जियम यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. मुले तिथे एका उडीत देश बदलतात. अशा प्रदेशात राहून, सीमा ही गोष्ट आता संपली, अशी आमची समजूत झाली होती. ती देवास गेटवर मोडली.

२०२४ च्या कार्तिकात आई ओसरीवर घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली; पण तीन महिने कोणीतरी जवळ हवे, असे डॉक्टरांनी बजावले. आम्ही दोघेही संगणकावर काम करणारे. माडीवर दोन टेबले मांडली आणि कचेरी थाटली. हिवाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे दीड. त्यामुळे सकाळ आईची. तिला आंघोळ घालणे, वॉकर धरून अंगणापर्यंत चालवणे, भाजी आणणे हे सगळे उरकून आम्ही कामाला बसत असू ते रात्री दहापर्यंत. एकदा बैठक चालू असताना पलीकडच्या सहकाऱ्याने विचारले, मागे कोण गाते आहे? आम्ही सांगितले, गात नाही, गावाचे नाव घेतो आहे.

हे सुख फार टिकले नाही. घरून केलेल्या कामाचे दिवस टिपण्याची सवय आम्हांला होतीच. १ जुलै २०२३ पासून युरोपातील अनेक देशांत एक करार लागू आहे. शेजारच्या देशात राहणाऱ्याने आपल्या घरून निम्म्याहून कमी काम केले, तर त्याचा सामाजिक विमा नोकरी देणाऱ्याच्या देशात राहू शकतो. पण तो करार युरोपापुरता. भारताने जर्मनी व नेदरलँड यांच्याशी केलेल्या करविषयक करारांत १८३ दिवसांची मर्यादा आहे. तेवढी मुभा आपल्याला मिळेल, असे आम्ही धरून चाललो होतो. कंपन्यांची भीती वेगळी होती. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला, तर तिथे आपले कायमचे ठाणे असल्याचे तिथले करखाते धरील की काय, ही ती भीती. एका कंपनीने वर्षाला २० कामकाजाचे दिवस दिले. दुसरीने सविनय नकार कळवला.

आईला हे समजावणे कठीण गेले. ती म्हणाली, "तुमचं ऑफिस त्या पेटीत आहे ना? पेटी इथे, तुम्ही इथे. मग अडलं कुठे?"

उत्तर शोधताना आजोबा आठवले. संस्थानी काळात उज्जैन ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे, इंदूर होळकरांचे आणि मधले देवास पवारांचे. त्यातही देवासची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती. खुद्द देवास गावात एकाच रस्त्याच्या एका अंगाला एक राज्य, दुसऱ्या अंगाला दुसरे. आजोबा उज्जैनला कारकून, त्यांची आई देवासला अंथरुणाला खिळलेली. अंतर सुमारे ४० किलोमीटर. शनिवारी कचेरी सुटली की ते निघत आणि सोमवारी परतत. आईचे त्यांच्या वाट्याला आले ते फक्त रविवार. १९४८ साली ही सारी संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि त्या सीमा पुसल्या गेल्या.

आजोबांच्या काळी सीमा रस्त्यावर होती, डोळ्यांना दिसे. आमच्या काळी ती रस्त्यावरून उठून पगारपत्रकात जाऊन बसली आहे. काम क्षणात सीमा ओलांडते. काम करणारा मात्र ज्या भूमीवर बसला असेल तिथलाच मोजला जातो. नियमांना नुसता दोष देणेही बरे नव्हे. आजारपणात ज्या विम्याचा आम्हांला आधार झाला आणि पुढे जे निवृत्तिवेतन मिळायचे आहे, त्यांना कोणत्या तरी एका देशाचा हिशेब लागतोच. परंतु त्या हिशेबात आईच्या खुब्याला रकाना नाही, एवढे खरे.

शेवटी आमच्यापैकी एकाने २० दिवस संपताच आखेन गाठले. दुसऱ्याने बिनपगारी रजा घेऊन फेब्रुवारीअखेरपर्यंत आईजवळ मुक्काम केला. या लेखात 'आम्ही' म्हणून जे बोलत आहे, ते त्या हिवाळ्यात दोन घड्याळांवर राहत होते.

एक जण निघाला त्या दिवशी आईने २०२५ चे कालनिर्णय उतरवून घेतले. चष्मा लावून, गुढीपाडव्यापासून पुढे, पेन्सिलीने ती चौकोन मोजू लागली. "नव्या वर्षाचे वीस नवे ना? आणि शनिवार-रविवार ते धरत नाहीत?" नाही, असे आम्ही म्हणालो. "मग विसाचे अठ्ठावीस होतात. शिवाय त्यांच्या ईस्टरच्या सुट्ट्या किती, तेवढं विचारून ठेवा."